पिवळ्या रेषेच्या आत

शनिवार, जुलैचा दुसरा आठवडा. सकाळची शाळा सुटल्यानंतर, मागचा व्हरांडा.

हजर: मी, मुख्याध्यापिका. पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षिका. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, टॉवेलच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून परस्पर आलेले. अकरा आया. प्रत्येकीच्या काखोटीला एक सूप, सुपात विडीची पानं, तंबाखूचा पुडा, कात्री आणि दोऱ्याचं रीळ.

गैरहजर: बाकीच्या सगळ्या.

इतिवृत्तात मी माणसं लिहिली, सुपं लिहिली नाहीत.

त्याआधी चार वेळा मी अशी सभा बोलावली होती आणि प्रत्येक वेळी सतरंजीवर आम्ही दोघीच बसलो होतो, मी आणि वर्गशिक्षिका. सभा माता पालक गटाची. ही कल्पना वरून आली होती. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आलं पाहिजे, हे नव्या धोरणाचं ध्येय. त्यासाठी आयांनी दर आठवड्याला एकत्र बसायचं, मोबाईलवर आलेलं कार्ड बघायचं आणि त्यातला खेळ मुलांशी खेळायचा. आम्हा मुख्याध्यापकांना प्रशिक्षणात एक चित्रफीत दाखवली. तीत एका हिरव्यागार अंगणात पाच-सहा आया गोल करून बसल्या होत्या. इस्त्रीच्या साड्या, रिकामे हात. माझ्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांनी मोठ्यानं विचारलं, "ह्या बायकांना घरची कामं नाहीत का हो?" सगळा हॉल हसला. प्रशिक्षकही हसले आणि त्यांनी पुढची स्लाइड लावली.

आमची शाळा अक्कलकोट रोडच्या अलीकडच्या वस्तीत आहे. बहुतेक घरातले पुरुष यंत्रमागावर, बायका विड्यांवर. सकाळी आदल्या दिवशी वळलेल्या विड्या कारखान्यात मोजून द्यायच्या, नवी पानं आणि तंबाखू घेऊन यायचं, पानं भिजवायची, कापायची आणि मग संध्याकाळपर्यंत सूप मांडीवरून खाली ठेवायचं नाही. लहान पोरींची बोटं बारीक असतात, म्हणून विडीची तोंडं दुमडायचं काम त्यांच्याकडे. या वस्तीत एक तास शाळेत येऊन बसा म्हणणं म्हणजे एका तासाच्या विड्या बुडवा म्हणणं.

वर्गशिक्षिका याच वस्तीत वाढलेल्या. त्यांची आईही विड्या वळायची. चौथी रिकामी सभा झाल्यावर सतरंजीची घडी घालताना त्या म्हणाल्या, "मॅडम, सुपासकट बोलवू या का त्यांना?"

"शाळेत?"

"मागच्या व्हरांड्यात. सावली आहे, वारा आहे. घरी पत्र्याखाली भाजून निघतात त्या. आणि पाण्याच्या दिवशी नको हं. नळ आला की एकही येणार नाही."

मी वहीत लिहून घेतलं: पाण्याचा दिवस टाळणे, सतरंज्या दोन, माठ भरून ठेवणे. तंबाखूचा विचार माझ्या मनात आलाच नाही. त्या वस्तीत पंधरा वर्षं नोकरी केल्यावर तो वास मला येईनासा झाला होता.

त्या शनिवारी सगळ्यांत आधी बोलली ती एक उंच, हडकुळी बाई. तिला सगळ्या अक्का म्हणायच्या, मीही म्हणू लागले. तिची धाकटी मुलगी दुसरीत होती. थोरलीला चौथीनंतर घरी बसवली होती, ती आता आईच्या बरोबरीनं विड्या वळायची.

"बाई, परीक्षा घेनार का काय आमची?" तिनं विचारलं.

"नाही. खेळ आहे."

"खेळ? ह्या वयात?" मागून कुणीतरी तेलुगूत काहीतरी बोललं आणि अकराच्या अकराजणी हसल्या. वर्गशिक्षिका लाजल्या. मी विचारलं काय म्हणाली, तर म्हणाल्या, "सांगण्यासारखं नाही, मॅडम."

मोबाईलवरचं कार्ड आम्ही छापून आणलं होतं, त्यावर चित्रं होती. चित्राचं नाव सांगायचं आणि त्याच आवाजानं सुरू होणारे आणखी शब्द आठवायचे. पहिलं चित्र पानाचं निघालं. अक्का सुपातून एक पान उचलून म्हणाली, "हे तर आमचंच की!" मग पाटी, पाणी, पगार, पावती, पाळी असे शब्द येत गेले. हात थांबले नाहीत. पान, तंबाखू, वळण, दोरा, गाठ. तोंडानं शब्द, हातानं विड्या. मुलं आपापल्या आयांच्या गुडघ्याला टेकून बसली होती आणि ओरडून शब्द सुचवत होती. अध्यक्ष भिंतीला टेकून झोपून गेले होते.

पुढचे दोन-तीन महिने मी नोकरीत पाहिलेले सगळ्यांत चांगले महिने होते, हे मला लिहून ठेवायला हवं. आठवड्यातून एकदा ठरलेली सभा हळूहळू रोजची बैठक झाली. शाळा भरली की आठ-दहाजणी मागच्या बाजूनं यायच्या, व्हरांड्याच्या कडेला रांगेनं बसायच्या. शेवटच्या तासाला पहिली-दुसरीचा वर्ग बाहेर येऊन त्यांच्यात मिसळायचा. मूल पुस्तक वाचतंय, आई ऐकतेय, अडलं की दोघं मिळून वर्गशिक्षिकांकडे बघतायत. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांना पुस्तकातलं मराठी परकं वाटायचं. आता आईच्या तोंडून तेच शब्द यायला लागले, मोडके का होईना. मुलांची हजेरी सुधारली. आई शाळेत असली की मूल घरी राहून काय करणार?

अक्का स्वतः तिसरीपर्यंत शिकलेली, तीही तेलुगू शाळेत. मराठी अक्षरं तिला दुकानांच्या पाट्यांपुरती येत होती. धाकटीच्या पुस्तकावरून ती बोट न ठेवता वाचायची, कारण बोटं मोकळी नसायची. एकदा जाता जाता मी तिचा अडलेला शब्द सांगितला.

"थांबा की बाई," ती म्हणाली. "माझं मला वाचू द्या. तुमी लई घाई करता."

धाकटीनं आईकडे असं पाहिलं, जणू आईनं मुख्याध्यापिकेला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

त्याच आठवड्यात अक्का मला ऑफिसच्या दाराशी भेटली. आत आली नाही.

"एक सांगते बाई. घरी सासूबाई हायत. त्यांनी मला हितं सोडलंय ते काम बुडत न्हाय म्हणून. सांजच्याला विड्या मोजून बघतेत त्या. जितक्या घरी होत्या तितक्याच हितं हुतेत, म्हणून गप हायत."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलंच हाय. पन त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. दोरा दिसत न्हाय. त्यांच्या वाटच्या विड्या कमी झाल्यात. त्या म्हनतेत, धाकटीला पन बसवू. मी म्हनते, मी हाय तोवर ती शाळेत." ती थांबली. "माझं हितलं बसनं मोडलं ना, तर ही पन जाईल. थोरलीसारखी. तेवढं ध्यानात असू द्या."

मी म्हटलं, "मोडायचं काय कारण?"

मला खरंच कारण दिसत नव्हतं.

गटाचा फोटो दर आठवड्याला मोबाईलवरून वर पाठवावा लागायचा. पहिल्या फोटोनंतर आमच्या पर्यवेक्षक साहेबांचा फोन आला. साहेब निवृत्तीला आलेले, मनानं वाईट नव्हते. त्यांच्यावरही कुणीतरी होतंच आणि दर सोमवारी त्यांचीही आढावा बैठक असायची.

"मॅडम, उत्तम! इतक्या माता आणल्या कुठून? पण ती सुपं तेवढी फोटोत नकोत."

तेव्हापासून आमची एक पद्धत पडली. वर्गशिक्षिका "फोटो!" म्हणायच्या, बायका सुपं उचलून खांबामागे सरकवायच्या, पदरानं मांडी झटकायच्या, कार्ड हातात धरून ताठ बसायच्या. फोटो झाला की सुपं परत मांडीवर. मुलांना याची इतकी सवय झाली होती की ती हा खेळ खेळायची: एकजण "फोटो!" ओरडणार आणि बाकीचे दप्तरं लपवणार.

आमचे फोटो चांगले निघत. ते साहेबांनी वर दाखवले, वरच्यांनी आणखी वर. दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या गटाचं नाव एका बैठकीत घेतलं गेलं म्हणून मला कळवण्यात आलं.

दरम्यान दुसरं पत्र आलं होतं: शाळा तंबाखूमुक्त करून तसं प्रमाणित करून घ्या. प्रवेशद्वारावर फलक, आवारात फलक, तंबाखू विकायला बंदी कुठवर ते दाखवणारी शंभर यार्डांवर रस्त्यात पिवळी रेषा, आवारात तंबाखूच्या कुठल्याही खुणा नाहीत याची खात्री, आणि प्रत्येक बाबीचा फोटो. त्या महिन्यात माझ्या टेबलावर याशिवाय वृक्षारोपणाचे फोटो, मुलांच्या आधारच्या दुरुस्त्या, पोषण आहाराची रोजची नोंद आणि दोन ऑनलाईन प्रशिक्षणं होती. मी नेहमीच्या सवयीनं सोपं काम आधी उरकलं. पेंटर बोलावला. आमच्या इमारतीत गिलावा नीट राहिलेली एकच भिंत आहे, ती मागच्या व्हरांड्याची. फलक तिथे रंगवून घेतला. हिरव्या अक्षरात, ठसठशीत.

आया त्या फलकाखाली बसून विड्या वळत राहिल्या. त्यात काही विसंगत आहे हे मला दिसलं नाही, वर्गशिक्षिकांना दिसलं नाही, रोज येणाऱ्या अध्यक्षांना दिसलं नाही. विड्या वळणं म्हणजे आमच्या लेखी मजुरी होती. तंबाखू म्हणजे कोपऱ्यावर चघळत उभे राहणारे, पिंका टाकणारे लोक.

डिसेंबरमध्ये एका सकाळी साहेबांचा फोन आला. बाहेरून पाहुणे आले आहेत, माता गट बघायचा आहे, बाराला पोचतो. मी सुपांचं ठरवून ठेवलं: साडेअकराला बायकांना सांगायचं, सुपं वर्गशिक्षिकांच्या वर्गात ठेवायची, व्हरांडा झाडून घ्यायचा. गाडी साडेदहालाच फाटकात आली.

दोन पाहुणे होते, एक बाई आणि एक तरुण. बाई हसऱ्या, सुती साडीतल्या. सरळ व्हरांड्यात जाऊन अक्काच्या शेजारी सतरंजीवर बसल्या.

"काय करता आहात?"

"विड्या, मॅडम. बघा की." अक्कानं नुकतीच वळलेली विडी त्यांच्या तळहातावर ठेवली. तिला अभिमान वाटत होता. तिच्या विड्या कारखान्यात क्वचितच परत यायच्या.

पाहुण्या बाईंनी विडी हातात धरून ठेवली. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. त्यांच्या मागे उभा असलेला तरुण वर भिंतीकडे बघत होता. मग तो चार पावलं मागे गेला, म्हणजे फलक आणि बायका दोन्ही येतील, आणि त्यानं फोटो काढला. वर्गशिक्षिकांच्या तोंडून काही निघायच्या आत पहिलीतल्या एका पोरानं सवयीनं ओरडून टाकलं, "फोटो!" आणि सगळ्या बायकांनी सुपं उचलून खांबामागे सरकवली.

तेवढ्यात तेच पोर खोकायला लागलं.

"हा नेहमी खोकतो?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"घरीपण हेच असतं, मॅडम," वर्गशिक्षिका म्हणाल्या.

"म्हणून शाळेतही?"

त्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. प्रश्न बरोबर होता. तंबाखूची धूळ व्हरांड्यात असते, मुलं त्याच फरशीवर बसून खिचडी खातात, हे मी रोज बघत होते. आजही मी तो नियम चुकीचा म्हणणार नाही.

पाहुणे गेल्यावर साहेब माझ्या ऑफिसात येऊन बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला नोकरीच्या शेवटच्या वर्षात विडी कारखाना काढून दिलात."

"साहेब, सुपांचं तुम्हाला माहीत होतं."

"मला फोटोतलं माहीत होतं." त्यांनी रुमालानं मान पुसली. "फोटोत सुपं नव्हती."

खुलासा मागवणारं पत्र चार दिवसांत आलं. मी खुलासा दिला. आवारात तंबाखू तत्काळ बंद, असंही पत्रात होतं, आणि माता गटाचं काम मात्र खंड न पाडता चालू ठेवावं, असंही होतं. दोन वेगळे विभाग, दोन वेगळे परिच्छेद.

बायकांना मीच सांगितलं. वर्गशिक्षिकांवर ते ढकलणं बरोबर नव्हतं.

"सूप आणायचं नाही. तुम्ही या. रोज नको, आठवड्यातून एक तास या."

"हात मोकळे ठेवून?" एकीनं विचारलं.

"हो."

"मग त्या तासाच्या विड्या कोन वळनार? तुमी वळता का बाई?" दुसरी म्हणाली. कुणी हसलं नाही. अक्का पानं ओल्या फडक्यात गुंडाळत होती.

हातपाय गाळून बसायचा माझा स्वभाव नाही. मी काय काय करता येईल ते मांडलं आणि एकेक करून बघितलं. संध्याकाळी सभा घेऊन बघितली. त्या वेळी चुली पेटलेल्या असतात आणि शाळेला दिवाबत्ती धड नाही. मग अध्यक्षांनी एक उपाय काढला. त्यांच्या कारखान्यात टॉवेलचे सुटे धागे कापायचं, कडेच्या गाठी मारायचं काम बाहेर देतात. ते व्हरांड्यात बसून करायला कुणाची हरकत नव्हती. ते मालकाशी बोलले आणि एक गठ्ठा मोटारसायकलवर टाकून घेऊनही आले. दोन दिवस पाच-सहा बायकांनी गाठी मारल्या. तिसऱ्या दिवशी गठ्ठा तसाच परत आला.

"अहो, काम काय वाईट आहे?" अध्यक्ष चिडले होते. "बसून तर करायचंय."

"दादा, काम वाईट न्हाय," अक्का म्हणाली. "विडीचं कार्ड हाय आमचं. फंड हाय त्याच्यावर. कारखान्यात रोज विड्या न्हाय गेल्या तर कार्डावरचे दिवस भरत न्हाईत. तुमचा टॉवेल फंड देतो का?"

अध्यक्षांना स्वतःलाच फंड नव्हता. ते गठ्ठा बांधून घेऊन गेले.

मग उरली पिवळी रेषा. तिचं काम रखडलं होतं. मी विचार केला, रेषेच्या आत मुलांना सुपांजवळ बसवलं तर पुन्हा खुलासा द्यावा लागेल; रेषेच्या पलीकडे कुणाच्या ओट्यावर, एखाद्या झाडाखाली बायका बसतील, मुलांना आम्ही तिथे नेऊ. अध्यक्ष, मी आणि पेंटर फाटकापासून टेप धरून मागच्या गल्लीत निघालो. दोन्ही बाजूंना उंबऱ्याउंबऱ्यावर बायका आणि सुपं. आम्ही जवळ आलो की त्या पाय आवरून घेत आणि टेप जाऊ देत. झाड एकही नव्हतं. टेप संपायची, पेंटर खूण करायचा, आम्ही पुढे. अक्काचं घर आलं आणि मागे पडलं.

तिच्या सासूबाई दारात बसल्या होत्या. डोळे बारीक करून त्यांनी आमचा अंदाज घेतला.

"रेघ माझ्या घराच्या आत हाय का भाईर?"

"तुमचं घर आत येतं, आजी," मी म्हटलं. "रेषा पुढं आहे."

"म्हंजे आता घरात पन बंद?"

"नाही, नाही. विकायला बंद."

"आमी कुटं विकतो? आमी वळतो की. विकनारे बंगल्यात ऱ्हातेत. त्यांच्या दारात मारा रेघ."

पेंटरला हसू आलं, ते त्यानं दाबलं. रेषा जिथे पडली त्याच्या पलीकडे पानाची टपरी, गॅरेज आणि मोठा रस्ता. बसायला जागा नव्हती. आमच्या सगळ्या आया रेषेच्या आतल्या होत्या. आम्ही रेषा मारली, फोटो काढला. फलकाचा फोटो होताच, मोकळ्या व्हरांड्याचा नव्यानं काढला. प्रमाणपत्र फेब्रुवारीत आलं. ते ऑफिसात लावलेलं आहे.

धाकटी जानेवारीच्या शेवटापासून येईनाशी झाली. आधी आठवड्यातून दोन दिवस दिसायची, मग एक दिवस, मग नाही. वर्गशिक्षिका दोनदा जाऊन आल्या. तिसऱ्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले.

घर एका खोलीचं. दाराच्या उजेडात तिघी बसल्या होत्या: अक्का, थोरली, धाकटी. सासूबाई आत भिंतीला टेकून. धाकटीसमोर वळलेल्या विड्यांचा ढीग होता आणि ती एकेक उचलून तोंडं दुमडत होती. तिचा वेग माझ्या अपेक्षेपेक्षा फार जास्त होता. तिनं वर्गशिक्षिकांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"परीक्षा जवळ आली आहे," मी म्हटलं. "निदान तेवढे दिवस पाठवा."

"आनि मग?" सासूबाई म्हणाल्या.

"मग पुढं बघू. तिला वाचता येतं आता. आणखी एक वर्ष तरी..."

"येतं ना वाचता? झालं की मग."

"आजी, शाळेतून काढू नका तिला."

"मी काढलं? तुमीच हाकललं की आमाला."

"हाकललं नाही. फक्त काम घेऊन यायचं नाही, असं सांगितलं."

"एकच की ते."

मी अक्काकडे बघितलं. तिचे हात चालू होते. "बाई, मी सांगितलं हुतं तुमाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "दारात येऊन सांगितलं हुतं."

"हो. सांगितलं होतं."

"चहा घेता का?"

आम्ही चहा घेतला. मी धाकटीला विचारलं, शाळेत यावंसं वाटतं का. तिनं आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "आई पन येनार का?" वर्गशिक्षिका कपातला चहा तसाच ठेवून बाहेर गेल्या.

माता गटाच्या फोटोचा आठवडा मात्र चुकत नव्हता. जुना फोटो चालत नाही, जागा आणि वेळ त्यावर उमटावी लागते. म्हणून आम्ही बायकांना पाच मिनिटांसाठी बोलावू लागलो. घरातलं सूप घरात ठेवून, हात धुऊन त्या यायच्या, कार्ड धरून बसायच्या, फोटो झाला की उठायच्या. आता खांबामागे काही लपवावं लागत नव्हतं. त्या फोटोंबद्दल साहेबांची काही तक्रार नव्हती.

मार्चमध्ये एकदा अक्काही आली. का आली ते मला माहीत नाही. कदाचित वर्गशिक्षिकांनी गळ घातली असेल. ती आपल्या जुन्या जागी बसली, फलकाच्या बरोबर खाली. फोटो झाला. मी "झालं, आभारी आहे" म्हटलं आणि बाकीच्या चपला घालायला लागल्या. अक्का बसूनच होती. कार्ड उलटसुलट करून बघत होती.

"आज काय शिकवनार?" तिनं विचारलं.

वर्गशिक्षिकांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या तासाला त्यांना एका ऑनलाईन बैठकीला बसायचं होतं, मलाही. आतून बैठकीची लिंक आल्याचा आवाज आला होता.

"आज फक्त फोटो होता, अक्का," मी म्हटलं.

"असं व्हय," ती म्हणाली. तिनं कार्ड माठाचं पाणी लागू नये म्हणून कोरड्या बाजूला ठेवलं आणि मागच्या फाटकानं गेली.

आता नवीन वर्ष सुरू झालं आहे. धाकटीचं नाव तिसरीच्या पटावर आहे. ती शाळाबाह्य असल्याचं कळवायचं पत्रक मी भरून ठेवलं आहे, पाठवलेलं नाही. पाठवलं तर तिच्या दारात आणखी एकजण फोटो काढायला जाईल.

एक जागा आहे. रेषेच्या पलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून, समाजाचा लग्नाचा हॉल. लग्नसराई सोडली तर तो बंदच असतो. अध्यक्षांनी तिथल्या सेक्रेटरींशी गाठ घालून दिली. बायकांना बसायला आणि मुलांना शिकवायला म्हटल्यावर ते लगेच हो म्हणाले. विड्यांचं ऐकल्यावर म्हणाले, "कमिटीत विचारून सांगतो." हॉलमध्ये मुलांना न्यायचं तर शाळेच्या वेळेत आवाराबाहेर नेण्याची परवानगीही लागेल, ती वेगळी. आणि खोकणारं ते पोर तिथेही त्याच सतरंजीवर बसेल, त्याचं काय करायचं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

अक्काच्या घरी पुन्हा जायचं आहे. हॉलचं नक्की झाल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही, कारण मागच्या वेळी मी हात हलवत गेले होते आणि चहा पिऊन आले. सेक्रेटरींना दोनदा फोन केला, उचलला नाही. प्रत्यक्ष जाऊन भेटायचं आहे. या आठवड्यात पाण्याचे दिवस आणि दोन प्रशिक्षणं सोडून एक दुपार मोकळी होती, ती आढावा बैठकीत गेली. हॉलचं काम बाकी आहे.